पंच्याहत्तर नंबरचा रस्ता आणि असेंबल्ड पीसी

२००० सालच्या आसपास आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न एकच असायचा. ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड? ब्रँडेड म्हणजे महाग, पण ‘काही झालं तर कंपनीचा माणूस येईल’. असेंबल्ड म्हणजे ओळखीतला एखादा मुलगा मुंबईला लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ते पत्त्यापुरतंच) नाहीतर पुण्याला तापकीर गल्लीत जाऊन सुटे भाग आणणार आणि आपल्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून ते जोडणार. मदरबोर्ड एका देशातला, रॅम दुसऱ्या, हार्ड डिस्क तिसऱ्या, आणि कॅबिनेट कुठलं ते देवाला ठाऊक. एकमेकांचं तोंडही न पाहिलेले हे भाग दोन तासांत एका पत्र्याच्या पेटीत नांदायला लागायचे. आपण शेजारी बसून बघायचो, चहा आणून द्यायचो, आणि त्यात कोणाला काही नवल वाटायचं नाही.

खरं तर वाटायला हवं होतं. मिक्सरचं भांडं फुटलं तर दुसऱ्या कंपनीचं भांडं त्यावर बसत नाही. कुकरची रिंग आणायची तर झाकण पिशवीत घालून दुकानात न्यावं लागतं. मग याहून हजारपट गुंतागुंतीच्या यंत्राचे भाग दहा कंपन्यांकडून आणले तरी एकमेकांत बसतात, ते का? ‘कॉम्प्युटर तसाच असतो’ हे काही उत्तर नाही. तो तसा नव्हता. तो तसा व्हावा अशी ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांची इच्छाही नव्हती. लोकांनी भांडून, कोर्टात जाऊन, प्रसंगी कंपनी बुडवून ते घडवलं. आणि यातलं बरंचसं भांडण टेक्सासमध्ये झालं. त्यातलंही बरंचसं मी राहतो तिथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत.

मी राहतो ते फ्रिस्को डलासच्या उत्तरेला आहे. (सॅन फ्रान्सिस्कोलाही बाहेरचे लोक फ्रिस्को म्हणतात, त्यामुळे आमच्या नातेवाइकांत अजून गोंधळ आहे. एका मावशींनी मला गोल्डन गेट पुलासमोर उभं राहून फोटो काढून पाठव म्हणून सांगितलं होतं.) गावाला हे नाव १९०४ साली मिळालं ते सेंट लुई–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेवरून, जिला बोलताना सगळे नुसतं ‘फ्रिस्को’ म्हणत. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून इथे थांबा झाला, आणि थांब्याभोवती गाव. १९९० मध्ये वस्ती सहा हजारांच्या आसपास होती, २०२० च्या जनगणनेत दोन लाखांच्या वर गेली. त्यात आपली माणसं इतकी की शनिवारी कार्यसिद्धी हनुमान मंदिराजवळ गाडी लावायला जागा शोधावी लागते.

रेल्वेचं नाव निघालंच आहे तर थोडं आडवळण घेतो, कारण वेगवेगळ्या मालकांच्या वस्तू एकमेकांना जुळवण्याचा झगडा रेल्वेने कॉम्प्युटरच्या शंभर वर्षं आधी करून घेतला. अमेरिकेच्या दक्षिण भागात रुळांमधलं अंतर पाच फूट होतं आणि उत्तरेत चार फूट साडेआठ इंच. सीमेवर सगळा माल उतरवून पुन्हा चढवायचा. शेवटी ३१ मे आणि १ जून १८८६ या दोन दिवसांत दक्षिणेतल्या कंपन्यांनी अकरा हजार मैलांहून जास्त मार्गावरचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवला आणि उत्तरेच्या गाड्या चालतील इतकं अंतर आणलं. मी मिरजेचा, आणि मिरजकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आमच्या स्टेशनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या. एका गाडीतली पोती दुसरीत टाकायला हमाल लागायचे. जिथे दोन गोष्टी जुळत नाहीत तिथे मध्ये कोणीतरी उभा राहतो, आणि त्याचे पैसे माल पाठवणाऱ्याच्या खिशातून जातात. मिरजेतला तो हमाल गरीब होता. कॉम्प्युटरच्या धंद्यात त्या जागी उभं राहायला मोठमोठ्या कंपन्यांची चढाओढ होती.

फ्रिस्कोहून १२१ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला गेलं की यूएस ७५ लागतो, म्हणजे सेंट्रल एक्सप्रेसवे. तो दक्षिणेला प्लेनो, रिचर्डसन करत डलासमध्ये जातो. याच रस्त्यालगत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं, म्हणजे टीआयचं आवार आहे. १२ सप्टेंबर १९५८ रोजी जॅक किल्बीने पहिलं इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवलं ते टीआयमध्ये. ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला जास्त रस आहे तो टीआय सोडून गेलेल्या लोकांत.

त्यांतले पहिले एल. जे. सेविन आणि त्यांची मंडळी. १९६९ मध्ये त्यांनी मॉस्टेक नावाची कंपनी काढली, ती आमच्या नैर्ऋत्येला कॅरलटन गावात. मेमरी चिप बनवताना त्यांना एक साधा दिसणारा प्रश्न पडला. चिपमध्ये ४०९६ घरं आहेत, त्यातलं नेमकं कुठलं घर हवंय ते सांगायला बारा तारा लागतात. बारा तारा म्हणजे बारा पिना. शिवाय वीज, डेटा वगैरेंच्या वेगळ्या. त्यामुळे टीआय आणि इंटेल यांची अशी चिप बावीस पिनांची होती. मॉस्टेकच्या रॉबर्ट प्रोबस्टिंगने पत्ता दोन हप्त्यांत पाठवायचं ठरवलं. आधी सहा तारांवरून ओळ सांगायची, मग त्याच सहा तारांवरून स्तंभ. चाळीत जसं आधी मजला सांगतात आणि मग खोली, तसं. १९७३ मध्ये सोळा पिनांची चिप बाजारात आली. हप्त्यांमुळे वेळ जाईल असं प्रतिस्पर्ध्यांचं म्हणणं होतं, पण छोटी चिप म्हणजे तेवढ्याच बोर्डावर जास्त चिपा. शिवाय पुढची चिप चौपट मोठी झाली तरी फक्त एक तार वाढली आणि पिना सोळाच राहिल्या. शेवटी सगळ्यांना हीच मांडणी घ्यावी लागली. मॉस्टेक स्वतः मात्र १९८५ मध्ये संपली, जपानी कंपन्यांनी भाव इतके पाडले की तिच्या मालकांनी हात वर केले. आज तुम्ही दुकानात जी रॅमची पट्टी घेता तिलाही पत्ता आधी ओळ आणि मग स्तंभ असाच जातो.

आता आयबीएम. ही गोष्ट टेक्सासबाहेर, फ्लोरिडातल्या बोका रॅटनला घडली. डॉन एस्ट्रिजच्या हाताखालच्या छोट्या गटाला सुमारे वर्षभरात पर्सनल कॉम्प्युटर काढायचा होता. आयबीएमच्या रिवाजाप्रमाणे सगळं घरात बनवलं असतं तर ते शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, बाकीचे भागही जिथे मिळतील तिथून. १२ ऑगस्ट १९८१ रोजी १,५६५ डॉलरपासून पुढे किमतीचं ते यंत्र जाहीर झालं. आत कार्डं बसवायला पाच खाचा होत्या. इतरांनी कार्डं बनवावीत म्हणून आयबीएमने सर्किटच्या आकृत्यांसकट जाडजूड पुस्तक छापलं आणि त्यात बायोसचा सगळा कोडही दिला. बायोस म्हणजे यंत्र चालू होताना पहिल्यांदा जागा होणारा आणि पुढे सॉफ्टवेअर व यंत्र यांच्यात दुभाष्याचं काम करणारा छोटा प्रोग्राम. बाकी सगळे भाग बाजारात मिळत होते. आयबीएमच्या स्वतःच्या मालकीचं असं त्या पेटीत बायोस एवढंच होतं, आणि त्यावर कॉपीराइट होता.

(काही जण म्हणतात की आयबीएमने तो कोड छापण्याचा भोळेपणा केला. मला तसं वाटत नाही. छापल्यामुळे ‘मी तो पाहिलाच नाही’ असं म्हणणं प्रतिस्पर्ध्याला अवघड झालं. पुस्तक उघडलं की हात बांधले गेले.)

फेब्रुवारी १९८२ मध्ये टीआयच्या ह्यूस्टनमधल्या तीन मॅनेजरांनी नोकरी सोडून कंपनी काढली. रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो. त्यांच्या यंत्राचं पहिलं चित्र ‘हाउस ऑफ पाइज’ नावाच्या हॉटेलात ताटाखालच्या कागदावर काढलं गेलं. कंपनीचं नाव कॉम्पॅक. पैसे दिले ते सेविन-रोझेन या डलासच्या भांडवलदार कंपनीने, आणि त्यातले सेविन म्हणजे मॉस्टेकचेच! कॉम्पॅकचं यंत्र शिवणयंत्रासारखं मूठ धरून उचलायचं होतं, वजन बारा किलोच्या वर, पण विक्री झाली ती त्यासाठी नव्हे. आयबीएमच्या पीसीवर चालणारं सॉफ्टवेअर त्यावर जसंच्या तसं चालायचं. लोटस १-२-३ चाललं पाहिजे आणि फ्लाइट सिम्युलेटर उडालं पाहिजे, ही त्या काळातली जुळण्याची परीक्षा होती.

बायोसचं काय केलं? दोन गट केले. पहिल्या गटाने आयबीएमचा कोड वाचायचा आणि तो काय करतो एवढंच लिहून काढायचं, कसा करतो ते नाही. दुसऱ्या गटात तो कोड जन्मात न पाहिलेले प्रोग्रामर. त्यांना फक्त पहिल्या गटाचा कागद मिळणार आणि त्यावरून ते स्वतःचा बायोस लिहिणार. मध्ये वकील. कॉपीराइट शब्दांवर असतो, कामावर नाही, यावर सगळी मदार. दहा लाख डॉलरच्या घरात खर्च झाला. १९८३ या विक्रीच्या पहिल्या वर्षात कॉम्पॅकने ५३ हजार यंत्रं विकली, अकरा कोटी दहा लाख डॉलरहून जास्त रकमेची. ज्यांनी हे कष्ट घेतले नाहीत त्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. १९८४ मध्ये आयबीएमने कोरोना आणि ईगल या कंपन्यांवर बायोसची नक्कल केल्याबद्दल खटले भरले आणि दोघांनाही समझोता करून आपला बायोस बदलावा लागला.

त्याच वर्षी फीनिक्स नावाच्या कंपनीने याच पद्धतीने बायोस लिहिला, आणि तो मागेल त्याला विकायला काढला. माझ्या मते असेंबल्ड पीसीचा खरा जन्म इथे. कॉम्पॅकने कुलपाची किल्ली तयार केली होती पण स्वतःच्या खिशात ठेवली होती. फीनिक्सने किल्ल्यांचं दुकान टाकलं. आता तैवानमधला कोणीही मदरबोर्ड बनवू शकत होता.

आणि टीआय? जगातलं पहिलं इंटिग्रेटेड सर्किट बनवणाऱ्या, डलासच्या या बलाढ्य कंपनीने १९८३ च्या सुरुवातीला आपला ‘प्रोफेशनल कॉम्प्युटर’ काढला. प्रोसेसर तोच, आयबीएमपेक्षा किंचित वेगवान. पडद्यावरची चित्रं आयबीएमपेक्षा रेखीव. ऑपरेटिंग सिस्टिमही मायक्रोसॉफ्टचीच. इंजिनियर म्हणून पाहिलं तर चांगलं यंत्र. पण आयबीएमची कार्डं त्यात बसत नव्हती आणि लोटसची आवृत्ती वेगळी घ्यावी लागायची. टिकलं नाही. टीआयमधून बाहेर पडलेल्या तिघांनी मुद्दाम आयबीएमसारखंच यंत्र बनवलं आणि ते श्रीमंत झाले, टीआयमध्ये राहिलेल्यांनी जास्त चांगलं बनवलं आणि ते गोदामात राहिलं. आम्हा संशोधनवाल्यांच्या पोटात हे वाचून गोळा येतो.

आयबीएम गप्प बसणार नव्हती. एप्रिल १९८७ मध्ये तिने पीएस/२ मालिका काढली. तिच्यात कार्डांच्या खाचांची नवी रचना होती, मायक्रो चॅनल. तांत्रिकदृष्ट्या उत्तम, पण जुनी कार्डं बसणार नाहीत आणि इतरांना ती वापरायची तर आयबीएमला रॉयल्टी द्यायची. सुटलेला सांधा पुन्हा ताब्यात घेण्याचा हा प्रयत्न होता. सप्टेंबर १९८८ मध्ये नऊ कंपन्या एकत्र आल्या. ह्यूस्टनची कॉम्पॅक पुढे, शेजारच्या फोर्ट वर्थची टँडी सोबत, शिवाय एचपी, एनईसी, एप्सन वगैरे. त्यांनी जुनी कार्डं चालतील अशी खाच जाहीर केली, आणि आयबीएमच्या जुन्या खाचेला आयएसए हे नाव देऊन तिला जणू सार्वजनिक करून टाकलं. नव्या खाचेचा प्रसार फारसा झाला नाही, पण मायक्रो चॅनलही चाललं नाही. ग्राहकांनी जुनंच घेत राहून निकाल लावला. आयबीएम पीसी आता आयबीएमचा राहिला नव्हता.

मात्र मालकी सुटली म्हणजे भाग आपोआप जुळायला लागले असं नाही. कार्डावरच्या इवल्याशा जंपरांची जागा बदलून साउंड कार्डाने कुठल्या नंबरवर हाक मारायची ते ठरवावं लागायचं, आणि प्रिंटर व साउंड कार्ड दोघांनी एकच नंबर घेतला तर दोन्ही गप्प. विजेची जोडणी तर भीतिदायक होती. एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणारे दोन सारखेच प्लग असत, पी-८ आणि पी-९. ते उलटे लागू शकायचे, आणि तसं बटण दाबलं तर बोर्ड गेला. ‘काळ्या वायरी मधे, काळ्या काळ्या शेजारी’ हा मंत्र जोडणारी पोरं पाठ करायची. १९९५ मध्ये एटीएक्स आलं, दोन प्लगांचा एकच झाला आणि तो उलटा बसेचना. पण त्यानंतरही, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, ऑस्टिनच्या डेलने काही मॉडेलांमध्ये दिसायला हुबेहूब एटीएक्ससारखा पण आतून वायरींचा क्रम बदललेला प्लग वापरला. बाजारातला साधा एसएमपीएस त्यात सहज बसायचा आणि बोर्ड जाळायचा. न बसणारा भाग परवडला, निदान तो दुकानात परत करता येतो.

आता पुन्हा ७५ नंबरच्या रस्त्यावर येऊ. रिचर्डसनमध्ये या रस्त्यालगत सायरिक्स नावाची कंपनी होती. १९८८ मध्ये काढली ती टीआय सोडलेल्या जेरी रॉजर्स आणि टॉम ब्राइटमन यांनी. (हो, पुन्हा टीआय. डलासच्या या धंद्यात मूळ पुरुष शोधायला गेलं की सगळ्यांचं गोत्र तिथेच निघतं.) त्यांचं पहिलं उत्पादन इंटेलच्या गणिती चिपच्याच खोबणीत बसणारी, पण जास्त वेगवान चिप. मग त्यांनी पूर्ण प्रोसेसर केले. स्वतःचा कारखाना नव्हता, आयबीएमसारख्यांकडून बनवून घ्यायचे. इंटेलशी वर्षानुवर्षं खटले चालू. पेंटियमच्या काळात ‘सॉकेट ७’ या एकाच खोबणीत इंटेल, एएमडी आणि सायरिक्स अशा तिघांचेही प्रोसेसर बसत. बोर्ड एक, प्रोसेसर ज्याच्या खिशाला जो परवडेल तो. ग्राहकाच्या दृष्टीने इतके चांगले दिवस आधी नव्हते आणि नंतरही आले नाहीत.

माझ्या मामाने टायपिंग इन्स्टिट्यूट चालवता चालवता १९९९ मध्ये कर्ज काढून आठ कॉम्प्युटर घेतले. सगळे असेंबल्ड, सगळ्यांत सायरिक्सचा एमटू-३०० प्रोसेसर. मी पाचवी-सहावीत असेन. नावात ३०० असलं तरी तो २३३ मेगाहर्ट्झवर चालायचा. आकडा इंटेलशी तुलना म्हणून लावलेला. मामाला हे माहीत होतं. जोडणाऱ्या मुलाने त्याला बोर्डाचं पुस्तक उघडून दाखवलं होतं, या प्रोसेसरला २.९ व्होल्ट लागतात, जंपर इथे लावायचा. एकेका यंत्रामागे वाचलेल्या पैशांतून प्रिंटर आणि यूपीएस आला. दोन वर्षांनी एमएस-सीआयटी सुरू झालं तेव्हा क्लासला रांग लागली आणि कर्ज फिटलं. गेम खेळणारे लोक सायरिक्सला नावं ठेवतात, कारण दशांश चिन्हांच्या गणितात ती चिप मंद होती आणि क्वेक रडत चालायचा. मामाच्या क्लासमध्ये पेजमेकर आणि एक्सेल चालायचं. रिचर्डसनमधून जाताना ती इमारत कुठे होती हे मी अजूनही मान वळवून पाहतो.

सायरिक्सचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम टू आणला आणि खोबणच बदलली. नवी ‘स्लॉट १’ पेटंटने बांधलेली, इतरांना मनाई. एएमडी आणि सायरिक्स जुन्या सॉकेटवर राहिले. सायरिक्स त्याच वर्षी नॅशनल सेमिकंडक्टरने घेतली आणि १९९९ मध्ये तैवानच्या व्हियाला विकली. एएमडीने १९९९ मध्ये स्वतःची ‘स्लॉट ए’ काढली. तिचा प्लास्टिकचा सांगाडा स्लॉट १ चाच होता, फक्त उलटा फिरवून बसवलेला. विजेच्या दृष्टीने दोन्हींचा काही संबंध नव्हता. तेव्हापासून बोर्ड घेतानाच ठरवावं लागतं, इंटेल की एएमडी. सासर एकदा ठरलं की ठरलं.

हे सगळं सांगायचं निमित्त म्हणजे माझा पुतण्या. सांगलीत इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दादाने त्याला पंचावन्न हजारांची मर्यादा घालून दिली आणि त्याने मला यादी पाठवली, “काका, हे बघा, बरोबर आहे ना?” यादीत प्रत्येक वस्तू चांगली होती. पण त्याने वस्तू निवडल्या होत्या, सांधे पाहिले नव्हते. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ होता, म्हणजे त्यात चित्र दाखवायची सोय नाही, आणि ग्राफिक्स कार्ड तर तो पुढच्या वर्षी घेणार होता. वर्षभर काळा पडदा बघत बसला असता. रॅम डीडीआर-५ आणि बोर्ड डीडीआर-४ चा. इंटेलच्या त्या सॉकेटवर दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, नावात एका अक्षराचा फरक. दोन्ही पट्ट्यांना पिना २८८ च, पण खाच जरा सरकवलेली. ही सरकवलेली खाच म्हणजे उपकार समजायचा. उलट एसएसडीच्या एम.२ खाचेत साटाची आणि एनव्हीएमईची अशा दोन्ही पट्ट्या आरामात बसू शकतात आणि त्यातली एक बोर्डाला दिसतच नाही. अमेरिकेत चुकीचा भाग आला तर मी ७५ वरच्या मायक्रो सेंटरमध्ये जाऊन काउंटरवर परत करतो. सांगलीत पाकीट फोडलं की वस्तू आपली.

त्याला सांगितलं की आधी सॉकेट निवड, मग त्यात काय बसतं ते बघ. इंटेलची खोबण साधारण दोन-तीन पिढ्यांत बदलते. एएमडीची एएम-४ ही २०१७ च्या पहिल्या रायझनपासून कितीतरी वर्षं टिकली. तीही आपोआप नव्हे! मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की पुढचे प्रोसेसर बी-४५० सारख्या बोर्डांवर चालणार नाहीत. कारण काय दिलं? बायोसची चिप लहान आहे, सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावत नाही. चाळीस वर्षांनी पुन्हा बायोसच. लोकांनी इतका गदारोळ केला की काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. जुन्या प्रोसेसरांची नावं बायोसमधून काढून नव्यांना जागा करून दिली. त्यामुळे जुना बोर्ड घेताना दुकानदाराला बायोसची आवृत्ती विचारायची. नाहीतर प्रोसेसर बसेल, पिना जुळतील, पंखा फिरेल आणि पुढे काही नाही.

एएम-५ घेतलं तर डीडीआर-५ च लागते, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव असे काही चढले आहेत की विचारू नका. एआयच्या कारखान्यांना मेमरी पुरवण्यात सगळे गुंतलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पट्टी कोणत्या खाचेत बसते याची लढाई लोकांनी जिंकली, पण खाचेत घालायला पट्टी कोण विकणार, हा प्रश्न त्या लढाईत नव्हता.

शेवटी आम्ही असं ठरवलं. एएम-५ चा साधा मायक्रो एटीएक्स बोर्ड, रॅमच्या चार खाचांचा. आत चित्र दाखवण्याची सोय असलेला प्रोसेसर. रॅमची एकच पट्टी. वेग थोडा कमी मिळतो, पण खाचा मोकळ्या राहतात आणि भाव उतरले की जोडीची घेता येईल. एसएमपीएसमध्ये काटकसर नाही, नावाजलेल्या कंपनीचा, पुढच्या वर्षीच्या ग्राफिक्स कार्डाला पुरेल असा. मॉनिटर दादाचा जुना. आणि कॅबिनेट घेतलंच नाही. घरात दादाचं २००९ सालचं मशीन पडून होतं, त्याचं कॅबिनेट जाड पत्र्याचं आहे. बोर्डाचे स्क्रू जुन्या भोकांत बरोबर आले, ती भोकं १९९५ च्या एटीएक्सच्या मापाची. पुढच्या दोन यूएसबींची नऊ भोकांची वायर नव्या बोर्डावर लागली. पॉवरच्या बटणाची लागली. रीसेटची मात्र उंदराने कुरतडली होती.